धडक त्याची, खर्च आपला

गाडीला मागून धडक बसली की पहिली दोन मिनिटे आवाज चढवण्यात जातात. मग गर्दी जमते, त्यातला एखादा जाणता मध्ये पडतो आणि म्हणतो, "दोन-तीन हजार घ्या आणि मिटवून टाका, कुठे पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढताय." समोर टेम्पोचा चालक हात जोडून उभा असतो. विमा आहे का, असे विचारलेच तर "आहे ना साहेब, कागद मालकाकडे असतात" हे उत्तर ठरलेले. नुसता बंपर चेपला असेल तर अशा तडजोडीने फारसे बिघडत नाही. पण गाडीतल्या कोणाची मांडी मोडली असेल, तर तो कागद खरोखर आहे की नाही यावर एका घराची पुढची काही वर्षे ठरतात.

आणि तो नसण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून बरीच जास्त आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन आणता येत नाही. तरीही देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांचा विमा नाही, असे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालात नमूद आहे. त्यात दुचाकींचा भरणा मोठा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. म्हणजे शोरूममधून निघालेल्या गाडीचा कागद काही वर्षे ठीक असतो, गळती लागते ती पहिल्या नूतनीकरणाला. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा हप्ता ७१४ रुपये, अधिक कर. विम्याविना पकडले गेल्यास पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. पण चौकात हेल्मेट दिसते, विमा दिसत नाही. मग ७१४ रुपयेही जड वाटू लागतात.

थर्ड पार्टी विमा आपले रक्षण करतो, हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. हा विमा आपल्या गाडीपासून इतरांचे रक्षण करतो. आपल्याला कोणी ठोकले, तर आपण त्याच्या पॉलिसीतले 'तिसरे' होतो आणि भरपाई त्याच्या कंपनीकडून येते. त्याच्याकडे पॉलिसीच नसेल, तर आपण भरलेल्या थर्ड पार्टी हप्त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

यात पैशांचा खड्डा केवढा असतो, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. अडतीस वर्षांचा, स्वतःचा छोटा व्यवसाय असलेला, महिन्याला ४०,००० रुपये मिळवणारा माणूस. घरी पत्नी आणि दोन मुले. विमा नसलेल्या टेम्पोच्या चुकीने त्याचा मृत्यू होतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई मनाला येईल तशी ठरवत नाही. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी गणित घालून दिलेले आहे. वर्षाचे उत्पन्न ४ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या पुढच्या वाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवायचे, म्हणजे ६ लाख ७२ हजार. अवलंबून असलेले तिघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा. उरले ४ लाख ४८ हजार. ३६ ते ४० या वयोगटाचा गुणक १५. रक्कम झाली ६७ लाख २० हजार, अंत्यविधी वगैरेचे वेगळे.

टेम्पोचा विमा असता, तर ही रक्कम कंपनीने भरली असती. मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याला वरची मर्यादाच नाही, ही आपल्या कायद्याची खरोखर मोठी बाजू आहे. विमा नसला तरी निकाल ६७ लाखांचाच लागतो, फक्त तो मालकाविरुद्ध लागतो. मालकाने दिले नाहीत तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. ज्याच्या नावावर दहा वर्षांचा टेम्पो आणि भाड्याची खोली आहे, त्याच्याकडून काय वसूल होणार? नियमांनी आणखी एक वाट ठेवली आहे. अपघात करणारी विनाविमा गाडी मालकाने पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडायची नाही, आणि ते न दिल्यास ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांनी लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करायचे. ही वाट चांगली आहे, पण टेम्पोच्या लिलावातून ६७ लाख उभे राहत नाहीत.

विमा 'आहे पण अर्धवट आहे' अशीही एक मोठी मधली पट्टी आहे, आणि तिथे लवकर निराश होऊ नये. चालकाकडे परवाना नव्हता म्हणून कंपनी हात वर करते, तेव्हा न्यायालये बहुधा 'आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देतात. २००४ च्या स्वरण सिंग खटल्यापासून हे तत्त्व रुळले आहे. मुदत संपलेल्या पॉलिसीला मात्र हा आधार मिळत नाही. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात रात्री प्रवास करणाऱ्यांना आणखी एक प्रकार ठाऊक असतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी घेतलेला, वाहतूक भाड्याची, आणि ट्रॉलीच्या विम्याचा पत्ता नाही. मग न्यायाधिकरणात कंपनी यातल्या प्रत्येक मुद्द्यावर वाद घालते. त्यात मागून धडकणाऱ्याचाही काही दोष ठरला, तर तेवढी भरपाई कापली जाते. मालमत्तेच्या नुकसानीला तर नेहमीच्या पॉलिसीत साडेसात लाखांची मर्यादा असते. भारी गाडीच्या दुरुस्तीला ती सहज अपुरी पडते, पण गाडीचे दुःख त्या मानाने बरेच हलके.

सरकारकडून काय मिळते? मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची योजना लागू झाली. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, योजनेतल्या रुग्णालयात उपचार होतात. ठोकणाऱ्याचा विमा असो वा नसो, गाडी सापडो वा न सापडो. पहिल्या काही तासांसाठी ही योजना मोलाची आहे, मात्र मोठ्या शस्त्रक्रियेचे आणि अतिदक्षता विभागाचे बिल या रकमेत बसेलच असे नाही. धडक देऊन पळून गेलेल्या, न सापडलेल्या वाहनासाठी वेगळी तरतूद आहे. एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवर चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. यातली विचित्र गोष्ट अशी, की गाडीचा नंबर सापडला की ही भरपाई मिळत नाही. नंबर आहे, मालक आहे, विमा नाही आणि मालकाच्या खिशात काही नाही, अशा माणसाने ठोकले तर तुमची अवस्था पळून गेलेल्याने ठोकण्यापेक्षाही वाईट होऊ शकते. ही फट कायद्याने आजवर नीट बुजवलेली नाही.

म्हणून शेवटी गाडी येते आपल्याच पॉलिसीवर. गाडीचे नुकसान 'ओन डॅमेज' भागातून मिळते, चूक कोणाचीही असो. तुमच्याकडे नुसता थर्ड पार्टी असेल तर तेही नाही. ओन डॅमेजमध्ये १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० आणि त्यावरच्या मोटारीला २,००० रुपये आपण सोसायचे, प्लास्टिक आणि रबरी भागांना ५० टक्के घसारा, आणि वर्षानुवर्षे साठवलेला, कमाल ५० टक्क्यांपर्यंत गेलेला नो क्लेम बोनस गेला. चूक दुसऱ्याची असताना आपला बोनस का जावा, हा प्रश्न रास्त आहे. पण हा बोनस दावा न करण्याबद्दल मिळतो, निर्दोष असण्याबद्दल नाही. म्हणूनच घसारा न कापणारी 'झीरो डेप' आणि बोनस सांभाळणारी जोड घेण्याकडे सुजाण गाडीवाल्याचा कल असतो.

माझे भांडण इथे सुरू होते. बंपरचा प्लास्टिकचा तुकडा घसाऱ्याविना बदलून मिळावा म्हणून आपण एजंटशी अर्धा तास बोलतो, आणि स्टिअरिंगमागे बसणाऱ्या माणसाच्या रकान्याकडे पाहतही नाही. त्या रकान्याचे नाव मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा. तो सक्तीचा आहे, १५ लाखांचा आहे, आणि हप्ता काही शे रुपये. दुसरीकडे तेवढ्या रकमेचा अपघात विमा असेल तर इथून सूट मिळते, आणि अनेक जण दुसरीकडे काही नसताना केवळ हप्ता कमी दिसावा म्हणून तशी खूण करून टाकतात. ऑनलाइन पॉलिसी घेताना ही खूण करणे फार सोपे झाले आहे.

हा विमा घेतला तरी त्याच्या कडा पाहून ठेवाव्यात. तो मालक स्वतः, वैध परवान्यासह, त्या गाडीत असतानाच लागू होतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, ही तर घरोघरची व्यवस्था. त्या मुलाला यातून काही मिळत नाही. पैसे मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला मिळतात. एक हात, पाय किंवा डोळा गेला तर निम्मे. मांडीचे हाड मोडून सहा महिने घरी बसावे लागले, तर शून्य. रुग्णालयाचे बिल तर या कलमात येतच नाही. गाडीतल्या इतरांसाठी माणशी दोन लाखांपर्यंतचे वेगळे संरक्षण मिळते, मागितले तर.

उरलेली जागा गाडीच्या पॉलिसीबाहेर भरावी लागते. बिलांसाठी आरोग्य विमा. कमाईसाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी, आणि ती घेताना 'तात्पुरते पूर्ण अपंगत्व' हे कलम आहे का ते पाहायचे. ते असेल तर घरी बसलेल्या काळात ठरावीक आठवडे दर आठवड्याला पैसे मिळतात, बहुधा विमा रकमेच्या एक टक्का, कमाल मर्यादेसह. रिक्षावाला, छायाचित्रकार, शिकवण्या घेणारी बाई, दुकानदार, ज्यांना पगारी रजा नाही अशा सगळ्यांना हे कलम झीरो डेपपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे. एजंट ते आपणहून सुचवतोच असे नाही.

अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी असलेल्या वाचकांनी हे त्यांच्याकडेही विचारावे, कारण तिथे प्रश्न तोच असला तरी उत्तर वेगळे आहे. तिथे साधारण सात चालकांत एक विनाविमा असतो, आणि विमा असला तरी दुखापतीच्या भरपाईला मर्यादा असते. कॅलिफोर्नियात ही किमान मर्यादा जानेवारी २०२५ मध्ये वाढवली, तरी ती माणशी ३० हजार डॉलर इतकीच आहे. तिथल्या रुग्णालयात एवढे पैसे किती वेळ पुरतात हे तिकडच्यांना सांगायला नको. म्हणून तिथे 'अनइन्शुअर्ड' आणि 'अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट' अशी जोड आपल्याच पॉलिसीत घेता येते. ठोकणाऱ्याने जे द्यायला हवे होते ते आपली कंपनी, आपण निवडलेल्या मर्यादेपर्यंत देते. बऱ्याच राज्यांत ही जोड नको असेल तर तसे लिहून द्यावे लागते, आणि नवखी मुले हप्ता वाचवायला नेमके तेच लिहून देतात. आपल्याकडे अशी थेट सोय नाही. निम्मी वाहने विनाविमा असलेल्या देशात ती सर्वांत आधी यायला हवी होती.

अपघात झालाच तर कोणी जखमी असताना रस्त्यावर मिटवू नये. वाहन क्रमांक, गाड्यांची स्थिती, टायरच्या खुणा यांची छायाचित्रे काढावीत, पोलिसांना कळवावे आणि दुरुस्तीआधी आपल्या कंपनीला. क्रमांकावरून समोरच्या विम्याची मुदत परिवहन खात्याच्या पोर्टलवर पाहता येते. चालकाने दाखवलेल्या कागदापेक्षा ती नोंद जास्त विश्वासाची, कारण बनावट पॉलिस्याही फिरत असतात. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. दाव्याची मुदत एप्रिल २०२२ पासून सहा महिने झाली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी त्या भरवशावर थांबू नये.

गाडीत नुसते प्रवासी म्हणून बसलेल्यांसाठी एक गोष्ट फारशी माहीत नसते. दोन्ही चालकांची चूक असेल, तर २०१५ च्या खेनेई निकालानुसार प्रवासी पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. म्हणजे टेम्पो विनाविमा असला आणि तुम्ही बसलेल्या टॅक्सीचा विमा असला, तर टॅक्सीच्या कंपनीकडून सगळी रक्कम मिळू शकते. दावा दाखल करताना टॅक्सीवाला ओळखीचा म्हणून त्याचे नाव वगळले, तर ही वाट आपल्याच हाताने बंद होते.

विनाविमा वाहनाचा मालक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर टेम्पोवाला येतो. तीन-चार वर्षांपूर्वी विकलेली आपली स्कूटर येत नाही. पैसे घेतले, फॉर्मवर सह्या करून दिल्या, घेणाऱ्याने नोंद स्वतःच्या नावावर केलीच नाही आणि विम्याची मुदतही संपू दिली. त्या स्कूटरने कोणाला उडवले, तर २०१८ च्या नवीन कुमार निकालानुसार जबाबदार धरला जातो तो नोंदणीकृत मालक. आरसी बुकावर नाव अजून कोणाचे आहे, ते जुन्या गाडीचा नंबर टाकून आजच पाहून घ्यावे.