आईचा कांदा, मामाचा कांदा

मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. कात्रज चौकाजवळ राहतो, इथे शांतता म्हणजे रात्री दोन ते चार. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून ठेवतोय, थोडा साफसूफ करून.

आजचा विषय आहे मुक्त व्यापार. थांबा, स्किप करू नका, सुरुवात कांद्यापासून आहे.

8 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर काही दिवसांनी आई भाजी घेऊन आली ती एकदम खुशीत, कांदा उतरला म्हणून. त्याच संध्याकाळी मामाचा फोन. मामा खेड तालुक्यात, चाकणच्या पुढे, कांदा करतो. तो म्हणाला, "ताई, तुझा कांदा स्वस्त झाला ना? तो माझ्या खिशातून झालाय." त्याचा लाल कांदा काढणीला आला होता. उन्हाळी कांदा चाळीत ठेवून वाट बघता येते, लाल कांदा टिकत नाही. मिळेल त्या भावात विकावा लागतो. त्यानं तेच केलं.

आता हे सगळं नीट बघू. मुक्त व्यापार म्हणजे माल देशाच्या हद्दीतून आत येताना किंवा बाहेर जाताना त्यावर जकात, बंदी, कोटा असलं काही नसणं, किंवा कमीत कमी असणं. त्यानं फायदा का होतो? अर्थशास्त्रात हे डेव्हिड रिकार्डोनं 1817 मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन घेऊन समजावलं. मी आमच्या काकू घेतो.

काकू ब्लाऊज शिवतात. तासाला एक, शिलाई 300 रुपये. त्या पोळ्याही भराभर लाटतात, तासाला वीस. पण पोळ्या खालच्या पोळी-भाजी केंद्रातून आणतात, दहा रुपयाला एक. केंद्रातल्या ताई तासाला पंधराच लाटतात, म्हणजे काकूंपेक्षा हळू. मग काकू विकत का घेतात? कारण वीस पोळ्यांचे 200 रुपये जातात आणि त्या तासात 300 मिळतात. आणि त्या ताईंना ब्लाऊज शिवायला चार तास लागतील, तेवढ्या वेळात त्या साठ पोळ्या विकतात. (कणीक, गॅस सोडा, हिशेब ढोबळ आहे.) काकू दोन्ही कामांत सरस असूनही देवाणघेवाणीत दोघींचं भलं होतं. देशांचंही असंच. सगळं घरीच करायचं म्हटलं की आपण गरीब होतो, स्वावलंबी वाटलो तरी.

आता तुमच्या हातातला फोन घ्या. जुलै 2017 मध्ये आयात केलेल्या फोनवर 10 टक्के सीमाशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये 15, आणि 2018 च्या बजेटमध्ये 20. जुलै 2024 मध्ये ते परत 15 वर आलं. म्हणजे 20 हजारांचा फोन बाहेरून आला तर 20 टक्क्यांनी 4 हजार रुपये नुसतं शुल्क. यामुळे जोडणीचे कारखाने भारतात आले, रोजगार आला, हे खरंच आहे. पण त्याची किंमत कोणी दिली? फोन घेणाऱ्यानं. बिलावर जीएसटी दिसतो, सीमाशुल्क दिसत नाही. म्हणून त्यावर कोणी मोर्चा काढत नाही.

परत कांद्याकडे. आपल्याला वाटतं बंदी म्हणजे सरकारनं ग्राहकाला दिलेली भेट. तसं नाही, ती शेतकऱ्याकडून घेतलेली रक्कम असते. बंदीआधी ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावलं होतं, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले होते. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही टनाला किमान 550 डॉलर भाव आणि 40 टक्के शुल्काच्या अटीवर. सप्टेंबरमध्ये किमान भावाची अट गेली, शुल्क 20 वर आलं. पूर्ण शून्य झालं 1 एप्रिल 2025 ला. दीड वर्षाहून जास्त काळ हा खेळ. 2019 आणि 2020 मध्येही सप्टेंबरात अशीच अचानक बंदी आली होती. 2019 ला शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी भर कार्यक्रमात हसत हसत सांगितलं होतं की, मी आमच्या स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून बजावलंय, निदान आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. विनोद होता, पण गिऱ्हाईक असं बोलायला लागलं की ते दुसरं दुकान शोधतं. पाकिस्तान, चीन, इजिप्तकडेही कांदा असतोच की.

गंमत म्हणजे याच चाकणमध्ये तयार झालेल्या गाड्या मेक्सिकोपर्यंत गेल्या. गाडी निर्यात झाली की टाळ्या वाजतात, कांदा निर्यात झाला की महागाई आठवते. चाकणच्या कांद्यापासूनच आंदोलन सुरू करणारे शरद जोशी हेच सांगायचे. नव्वदच्या दशकात बहुतेक संघटना डंकेल प्रस्तावाला विरोध करत होत्या, तेव्हा हा शेतकरी नेता त्याच्या बाजूनं उभा राहिला. त्यांचं म्हणणं, शेतकऱ्याला अनुदान नको, बाजार मोकळा द्या.

इथपर्यंत मामा खुश. मग मी दूध काढलं.

4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारतानं आरसेप करारातून अंग काढून घेतलं. त्यामागे एक मोठी भीती न्यूझीलंडच्या दुधाची होती. तिथे मोठाली कुरणं, मोठाले कळप, आणि बहुतेक दूध निर्यातीसाठीच. आपल्याकडे कात्रज डेअरीला दूध येतं ते जिल्ह्यातल्या गावागावांतून, दोन-चार गाईंच्या गोठ्यांतून. नंतर ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनशी करार झाले तेव्हाही दुग्धपदार्थ बाहेरच ठेवले. म्हणजे आपल्याला परदेशी बटर, चीज महाग मिळतं ते यामुळे.

मामाकडे तीन गाई आहेत. मी विचारलं, "मामा, कांदा मोकळा पाहिजे आणि दूध बंद, असं कसं?" तो म्हणाला, "अरे बाळा, कांदा परवडला नाही तर पुढच्या हंगामात दुसरं काही लावीन. गाईला काय सांगू, यंदा खाऊ नको?"

माझ्याकडे याचं झटपट उत्तर नव्हतं. पुस्तक म्हणतं, व्यापार खुला झाला की ज्यांचा फायदा होतो त्यांनी नुकसान झालेल्यांना भरपाई दिली तरी देशाच्या हातात काहीतरी उरतंच. हिशेब बरोबर आहे. पण ती भरपाई द्यायला कोणी येत नाही. बटरमागे माझे चाळीस रुपये वाचतील, मामाचा गोठा बसेल, आणि ते चाळीस रुपये मी काही त्याला नेऊन देणार नाही. म्हणून मी म्हणतो, कांद्याची निर्यात आजपासून कायमची मोकळी करा, त्यात द्यायचं काहीच नाही, फक्त हात काढायचाय. फोनवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरवा. दूध उघडायचं असेल तर आधी गोठ्याची सोय, मग जहाज.

आईला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण कांदा ऐंशी रुपये झाला की तू आणायला जायचं."

पुढच्या भागात खाद्यतेल. सोयाबीन पिकवणाऱ्या लातूरच्या कुणी श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवली तर फार बरं होईल.