खातं पुसायचं की गोठवायचं?

ऑफिसातला सहकारी नोकरी सोडून जातो, पण जुन्या फाइलींवर त्याचं नाव महिनोन्महिने दिसत राहतं. त्याचं खातं सरळ पुसून का टाकत नाहीत?

कारण संगणक आपल्याला नावानं ओळखतच नाही. विंडोजमध्ये प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो आणि फाइल उघडायची परवानगी त्या क्रमांकावर नोंदलेली असते. खातं पुसून त्याच नावानं पुन्हा काढलं, तरी क्रमांक नवा. जुनी कुलपं त्याला उघडत नाहीत. लिनक्समध्ये उलटा घोळ होऊ शकतो. पुसलेल्या खात्याचा क्रमांक नव्या माणसाला मिळाला, तर मागे राहिलेल्या फाइलींचा तोच मालक ठरतो. म्हणून खातं आधी गोठवतात : दार बंद, नोंदी शाबूत.

बदली झाली की मामला आणखी नाजूक. रोखपालाला कर्ज विभागात पाठवलं, नव्या किल्ल्या दिल्या; जुन्या परत घ्यायचं राहून गेलं. दोन-तीन बदल्यांत जुडगा चांगलाच जड होतो. उपाय सोपा आहे : किल्ल्या माणसाच्या नव्हे, पदाच्या नावे ठेवायच्या. पद सुटलं की किल्ल्याही सुटतात.

विसरलेली किल्ली महागात पडते. एप्रिल 2021च्या अखेरीस अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीत हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका खात्यातून. इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली.

बदलीनंतर नवं काय मिळालं हे आपण पाहतोच. जुनं काय उरलंय, तेही एकदा विचारून घ्या.