कंपनी विकणे आहे!

दोस्तांनो, आई-बाबांच्या स्कूटरवर मागे बसून पेट्रोलपंपावर गेला असालच. पुढच्या वेळी पंपावरची पाटी नीट बघा. पिवळ्या-निळ्या रंगाची असेल, तर तो पंप बहुधा ‘भारत पेट्रोलियम’चा. ही कंपनी सरकारी आहे. म्हणजे तिचे निम्म्याहून जास्त शेअर भारत सरकारकडे आहेत. आणि सरकारचे म्हणजे कुणाचे? तुमचे-आमचेच की! थोडक्यात, त्या पंपात तुमचाही चिमूटभर वाटा आहे, बरं का!

हीच कंपनी काही वर्षांपूर्वी विकायला काढली होती. परदेशातली श्रीमंत गिऱ्हाइके दारात येऊन उभी राहिली. आणि सौदा ऐनवेळी फिसकटला! कसा? ऐका तर.

आधी परक्यांची, मग आपली

गोष्ट सुरू होते मुंबईत. १९५५ साली चेंबूरजवळ माहुल येथे ‘बर्मा-शेल’ या विलायती कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. जमिनीतून निघते ते कच्चे तेल. ते तापवून त्यातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस असे एकेक पदार्थ वेगळे काढतात. रस्त्यावरचे डांबरसुद्धा त्यातलेच!

त्या काळी आपल्याकडचा तेलाचा धंदा मुख्यतः बर्मा-शेल, एस्सो आणि कालटेक्स या परदेशी कंपन्यांच्या हाती होता. १९६० साली सोव्हिएत युनियनने भारताला स्वस्तात कच्चे तेल देऊ केले. पण ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करायला या कंपन्यांनी साफ नकार दिला. त्यांना स्वतःचेच तेल खपवायचे होते ना! कारखाना आपल्या मुंबईत, पण त्यात कोणते तेल ओतायचे हे ठरवणार साता समुद्रापलीकडचे मालक. हा धडा देश विसरला नाही. १९७६ साली संसदेने कायदा करून बर्मा-शेलचा इथला कारभार सरकारच्या ताब्यात घेतला आणि पुढच्या वर्षी त्याचे नाव झाले ‘भारत पेट्रोलियम’.

विकायची कशाला?

मग घरची कंपनी विकायची कशाला? सरकारची बाजू अशी, की धंदा करणे हे सरकारचे काम नव्हे. आलेल्या पैशांतून रस्ते, शाळा, दवाखाने करता येतील आणि नवा मालक कंपनी अधिक चांगली चालवील. विरोध करणारे, त्यांत कामगार संघटनाही होत्या, म्हणत, ‘दरवर्षी नफा देणारी दुभती गाय विकायची कशाला? आणि लढाई किंवा टंचाईच्या वेळी तेल परक्याच्या हाती असले तर?’

२००३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी विक्री अडवली होती. न्यायालय म्हणाले, ही कंपनी संसदेच्या कायद्याने सरकारकडे आली. आधी तो कायदा बदला, मग विका. २०१६ साली जुनेपुराणे कायदे रद्द झाले, त्यांत हा कायदाही गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने सरकारचा सगळा वाटा विकायला संमती दिली.

लहानसहान गिऱ्हाइकाचे हे कामच नव्हते. मुंबई, कोची आणि बीना इथले कारखाने, देशभर पसरलेले हजारो पंप आणि गॅसच्या एजन्सीज! निव्वळ मालमत्ता किमान १० अब्ज डॉलर असेल त्यानेच यावे, अशी अट होती. अर्जांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, तेव्हा बाजारभावाने सरकारच्या वाट्याची किंमत सुमारे ४७ हजार कोटी रुपये होत होती.

सौदी अरेबियाची ‘अरामको’, रशियाची ‘रोझनेफ्ट’ अशी बडी नावे वर्तमानपत्रांत झळकत होती. प्रत्यक्षात अर्ज आले तीन. एक अनिल अगरवाल यांच्या ‘वेदांत’ समूहाचा. या समूहाची मुख्य कंपनी लंडनची. उरलेले दोन ‘अपोलो ग्लोबल’ आणि ‘आय स्क्वेअर्ड कॅपिटल’ या अमेरिकी गुंतवणूक कंपन्यांकडून आलेले. लोकांचे पैसे जमवायचे, त्यातून कंपन्या घ्यायच्या आणि नफा कमवायचा, हा त्यांचा व्यवसाय.

घोडे अडले कुठे?

समजा, तुम्ही वडापावची एक गाडी विकत घेतली. शेजारच्या दोन गाड्या एकाच शेटजींच्या. बटाटे महागले, तेल महागले, तरी शेटजी म्हणाले, ‘आपण जुन्याच भावाने विकायचं.’ आता तुम्ही काय कराल? भाव वाढवला तर गिऱ्हाईक शेजारी जाणार. नाही वाढवला तर खिशाला चाट!

अगदी असेच घडले. पेट्रोलचे भाव कंपन्यांनी ठरवायचे, असा नियम आहे. २०१७ पासून ते रोज बदलू लागले. पण ४ नोव्हेंबर २०२१ नंतर साडेचार महिने सरकारी कंपन्यांनी भाव हलवलेच नाहीत! मध्येच पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि कच्चे तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर गेले. पंपावरचा आकडा मात्र तोच. तुमच्या बाबांना बरे वाटले असेल. पण कंपनी घ्यायला निघालेल्यांच्या पोटात गोळा आला. भाव ठरवायचे स्वातंत्र्य नसेल, तर दुकान घेऊन करायचे काय? दोघांनी पाय मागे घेतला. उरला एकच. एकट्यात कसला आलाय लिलाव?

मे २०२२ मध्ये सरकारने विक्री रद्द केली. कोरोनाची साथ आणि जगातली उलथापालथ ही कारणे सरकारने दिली. विजेच्या गाड्यांचे दिवस येत असताना तेलात एवढा पैसा कुणी घालावा, हाही प्रश्न होताच.

तर मंडळी, पंपावरचा आकडा गोठला तेव्हा आपल्या घरचे पैसे वाचले. पण तो तोटा गेला कंपनीच्या माथी, म्हणजे निम्म्याहून जास्त पुन्हा आपल्याच! मग सांगा, पेट्रोलचा भाव कुणी ठरवावा? बाजाराने, सरकारने की मालकाने? वर्गात दोन गट पाडा आणि भांडा खुशाल. घरी आई-बाबांनाही ओढा वादात. मात्र एक अट : दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकल्याशिवाय आपले मत द्यायचे नाही!