चमकच्या शेतातला ताम्रपट

अचलपूरच्या नैर्ऋत्येला सहाएक किलोमीटरवर चमक गाव आहे. काळी जमीन, पऱ्हाटी, तुरी, भोवताली संत्र्याचे बगीचे आणि उत्तरेला सातपुड्याची रांग. वाकाटक राजघराणे म्हटले की आपण अजिंठ्याकडे धावतो. पण वाकाटकांच्या वऱ्हाडाचे एखादे वर्ष जवळून पाहायचे, तर या गावच्या नांगरटीकडे वळावे. १८६८च्या सुमारास इथे शेत नांगरताना ताम्रपट वर आले. पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने त्यांचे वाचन १८८८मध्ये छापले.

हे दानशासन वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे, त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षाचे, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचे. म्हणजे साधारण इ.स. ४४०, ऐन पावसाच्या तोंडावरचे. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी.  राजधानी प्रवरपुराहून हुकूम सुटला : भोजकट राज्यातले, मधुनदीकाठचे चर्मांक गाव, राजमापाने ८,००० भूमी (जमीन मोजण्याचे तेव्हाचे एकक), १,००० ब्राह्मणांना दान. विनंती शत्रुघ्नराजाचा मुलगा कोंडराज याची. चर्मांक म्हणजे चमक, आणि भोजकट म्हणजे आजचे भातकुली, असे अभ्यासक मानतात.

मला या पटातल्या सवलती पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात. गावात शिपायांनी शिरायचे नाही. गाई-बैल, फुले, दूध, चारा, कातडे, कोळसा यांतले काही मागायचे नाही. वेठबिगार नाही. जमिनीत पुरलेले धनही दान घेणाऱ्यांचेच. जिथे अशी माफी नव्हती, त्या गावांना राजाची माणसे आली की काय काय पुरवावे लागे, ते इथे उघडे पडते. काही ब्राह्मणांची नावे गोत्रांसह कोरली आहेत. ती जमीन कसणाऱ्याचे एकही नाव नाही. माझ्या मते त्याचे देणे सुटले नाही, फक्त घेणारा बदलला.

आणि दान बिनशर्तही नव्हते. राज्याविरुद्ध द्रोह करायचा नाही, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार नाही, युद्ध करायचे नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही. हे पाळले तोवर, सूर्य-चंद्र असेपर्यंत, दान कायम. यातले काही कोणी केले किंवा करणाऱ्याला संमती दिली, तर राजा जमीन काढून घेईल आणि ती चोरी ठरणार नाही, असे तांब्यावर स्पष्ट लिहिले आहे.