गोळी पोचते तेव्हाचा वेग

१९४६ साली जॉन नॉस्लर हा अमेरिकन शिकारी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. चिखलाने माखलेल्या त्या धिप्पाड जनावरावर त्याने जवळून गोळ्या झाडल्या, पण त्या खोल शिरण्याआधीच फुटून विखुरल्या. घरी परतल्यावर नॉस्लरने तांब्याच्या आवरणातच मध्यभागी आडवा पडदा असलेली गोळी घडवली. तिचा पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. ‘पार्टिशन’ नावाची ही गोळी १९४८पासून बाजारात आहे.

जवळून गोळी फार वेगाने लागून फुटत होती, ही नॉस्लरची अडचण. लांबून नेम धरणाऱ्याची अडचण नेमकी उलट असते.

शिकारीची गोळी लागताच पुढून छत्रीसारखी उघडावी लागते. ती उघडली तर हृदय-फुफ्फुसांना मोठी जखम होते आणि जनावर लवकर मरते. न उघडता आरपार गेली, तर तेच हरीण जखम घेऊन मैलभर पळते आणि कुठेतरी झुडपात तासन् तास तडफडते. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न फुलणाऱ्या, पूर्ण आवरणाच्या गोळीने हरीण मारायला बंदी आहे. लष्कराचा नियम याच्या विरुद्ध. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी फुलणाऱ्या गोळ्या बनवल्या आणि १८९९च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या.

उघडण्यासाठी गोळीला वेग लागतो. शिशाच्या गाभ्याच्या बहुतेक साध्या गोळ्यांना सेकंदाला सुमारे १८०० फूट तरी हवेत. .३०८ विंचेस्टर रायफलीतून साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे शिशाचे टोक उघडे असलेली, गोळी २८०० फुटांच्या वेगाने निघते, पण ४०० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६५ मीटरवर, ती १८००च्या खाली येते. बहुतेक शिकारी काडतुसाच्या खोक्यावरचा सुरुवातीचा वेग वाचून गोळी निवडतात. हरणाला लागतो तो मात्र शेवटचा वेग.

तो टिकवायचा तर गोळी लांबट, टोकदार आणि मागे निमुळती हवी. प्लॅस्टिकचे टोक बसवलेल्या अशा गोळ्या लोकप्रिय आहेत, पण त्यांतही खोट निघाली. गोळ्या बनवणाऱ्या हॉर्नडी कंपनीने डॉप्लर रडारने गोळ्यांचा मागोवा घेतला, तेव्हा लांबच्या उड्डाणात हवेच्या घर्षणाने टोके मऊ पडून वेग घटतो असे दिसले. २०१५मध्ये कंपनीने उष्णता सोसणारे टोक आणले.

गोळी कितीही चांगली असली तरी वारा आणि वेळ यांवर तिचा ताबा नसतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा साध्या गोळीला ४०० यार्डांवर दीड फुटाच्या आसपास बाजूला नेतो, आणि हरणाच्या छातीतला मर्मभाग जेमतेम आठ-दहा इंचांचा. तिथे पोचायला गोळीला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकते. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लब या शिकाऱ्यांच्या संस्थेने, केवळ नेमबाजी आजमावण्यासाठी अतिदूरवरून जनावरावर गोळी झाडणे ही खरी शिकार नव्हे, अशी भूमिका घेतली आहे. ती योग्यच आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. जिथे ती कायदेशीर आहे, तिथे जनावराला यातना न देणे ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी ठरते.

दुसरी जबाबदारी पक्ष्यांबद्दलची. शिशाची गोळी फुटून बारीक कण मांसात पसरतात. शिकाऱ्याने रानात टाकलेली आतडी खाऊन कॅलिफोर्नियातले काँडोर गिधाडे विषबाधेने मरत. १९८२ साली रानात अवघे २२ काँडोर उरले होते. कॅलिफोर्नियाने २०१३मध्ये कायदा करून १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. आता तिथे तांब्याची गोळी चालते. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीच्या आतल्या खाचांना जास्त पीळ लागतो. शिवाय तांबे कठीण असल्याने अशा बऱ्याच गोळ्या नीट उघडायला सेकंदाला २००० फुटांच्या आसपास वेग लागतो. तांब्याची गोळी घेणाऱ्या शिकाऱ्याने आपला पल्ला त्या हिशेबाने कमीच धरावा.