हजार वीरांच्या मागे किती माणसे?



मुलुंडच्या एका शाळेत मुले दरसाल हस्तलिखित काढतात. यंदा ते माझ्याकडे चाळायला आले, कारण माझा नातू त्याच्या संपादक मंडळात आहे. त्यात त्याचीच एक गोष्ट होती. काळ इसवी सन २८००. दूर कुठेतरी एक ओसाड ग्रह. त्या ग्रहावर एक लोखंडी गड आणि गडात एक हजार वीरांचा पंथ. हे वीर लग्न करीत नाहीत, झोपतात कमी, अंगातले चिलखत कधी उतरवीत नाहीत, आणि शंख वाजला की तारकांच्या पलीकडे लढायला जातात. गोष्ट झकास जमली होती. मी ती वाचली आणि त्याला एकच विचारले, "अरे, यांच्या भाकऱ्या कोण भाजतं?"

पोरगा हिरमुसला. "आजोबा, ते वीर आहेत. त्यात भाकरीचं काय?"

आता, मंडळी, ही काही त्या मुलाची एकट्याची चूक नाही. आपल्या पोवाड्यांत, नाटकांत, चित्रपटांत घोडा उधळतो, पण त्याला चंदी कोणी घातली ते येत नाही. म्हणून म्हटले, बसू या हिशेबाला. तुम्हीही पाटी-पेन्सिल घ्या. शेतकरी बंधूंना हा हिशेब माझ्याहून चांगला येईल.

लढणाऱ्या, कष्टाच्या माणसाला दिवसाला एक किलो धान्य धरू. हजार माणसांना रोज हजार किलो, म्हणजे दहा क्विंटल. वर्षाला ३,६५० क्विंटल. आता हे पिकवणारा शेतकरी कोण? पाच एकरांचा कोरडवाहू धनी धरा. एकरी चार क्विंटल ज्वारी आली तर बरे साल म्हणायचे. त्याच्या घरी वीस क्विंटल येतात. घरात खाणारी तोंडे पाच, माणशी रोज अर्धा किलो धरले तरी नऊ क्विंटल घरातच लागतात. बियाणे ठेवायचे, उंदीर-किडीचे जायचे, मीठ-कापडासाठी काही विकायचे, आणि पुढच्या वाईट सालासाठी कणगीत काही उरले पाहिजे. ओढूनताणून पाच क्विंटल तो गडावर देऊ शकेल. म्हणजे ३,६५० भागिले पाच, ७३० घरे. माणसे साडेतीन हजारांच्या वर. ही नुसती भाकरीची बेरीज झाली. कालवण, तेल, मीठ, कापड अजून मोजलेच नाही. आणि ते ७३० शेतकरी ज्या लोहाराकडून फाळ घेतात, ज्या सुताराकडून पाभर करवून घेतात, त्यांनाही पोट आहे.

आपल्या थोरल्या महाराजांनी हा हिशेब कागदावर मांडला होता. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीला जी बखर लिहिली, तीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. हे शाळेत सगळे पाठ करतात. पण त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे, ती परीक्षेत कोणी विचारीत नाही: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. पखाली म्हणजे कातड्याच्या पखालीतून पाणी वाहणारा. नालबंद म्हणजे घोड्याच्या खुरांना नाल ठोकणारा. हे दोघे हवालदाराच्या बरोबरीने रचनेतच बसवलेले आहेत. गडावरही तसेच. हवालदार किल्ल्याचा मुख्य, सबनीस हजेरी व जमाखर्च पाहणारा, आणि कारखानीस धान्य, वैरण, दारूगोळा सांभाळणारा. किल्ल्याच्या चाव्या हवालदाराकडे असल्या, तरी गड किती महिने लढेल हे कारखानिसाच्या कोठारावरून ठरायचे.

याहून बोलके पत्र आहे ते १६७३ सालचे. महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिले. पावसाळा तोंडावर आहे, घोड्यांसाठी दाणा-वैरण जमवून दिली आहे. ती बेताबेताने वापरा, असे ते बजावतात. आताच उधळपट्टी केलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरी शिराल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. असे झाले तर कुणबी गाव सोडून जातील आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. त्यातच वैरणीच्या गंजीजवळ आगटी पेटवू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, हेही आहे. राजा उंदराच्या वातीपर्यंत विचार करतो! मला तर प्रतापगडच्या प्रसंगाइतकेच हे पत्र मोठे वाटते. फौजेच्या मागे उभा असलेला कुणबी हा त्या फौजेचाच भाग आहे, आणि तो मोडला तर फौज मोडेल, ही जाणीव त्यात ओळीओळीला आहे.

ही जाणीव सुटली की काय होते, त्याला पानिपतासारखा दाखला नाही. १७६० च्या नोव्हेंबरात भाऊसाहेबांची फौज पानिपतावर मोर्चे बांधून बसली. तिच्याबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले असा मोठा जमाव होता. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच जास्त. पण नीट पाहा, या जमावातले सगळेच काही फौजेच्या उपयोगाचे नव्हते. पखाली, नालबंद, वैरण कापणारे, धान्याच्या गोण्या बैलांवर घालून आणणारे वंजारी हे एक. आणि देवदर्शनाला निघालेली मंडळी हे दुसरे. पहिले हात फौजेला जगवतात, दुसरी तोंडे नुसती खातात. शिवाजी महाराजांच्या मोहिमेत बायका, बटकी, कलावंतिणी बरोबर न्यायची सक्त मनाई होती. पानिपतावर दोन्ही एकत्र कोंडले गेले. शत्रूच्या रसदेवर घाला घालणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. रसदेची वाट तुटली आणि १४ जानेवारी १७६१ ला जी फौज मैदानात उतरली ती अनेक दिवसांची उपाशी होती. तिच्या पराभवाची कारणे पुष्कळ सांगतात, पण उपासाचे कारण कोणी नाकारीत नाही.

हे झाले जुने. पण नातवाने मला टोकले, "आजोबा, आता सगळं यंत्रावर चालतं." तेव्हा मी त्याला आमच्याच उपनगरांकडे बोट दाखवले.

मुंबईची लढाऊ जहाजे कुठे असतात? दक्षिणेला, कुलाबा-फोर्टकडच्या गोदीत. ती पाहायला नौदल दिनी झुंबड उडते. पण त्या जहाजांची शेपटी केवढी लांब आहे, ते लोकलने उत्तरेकडे यावे तेव्हा कळते. घाटकोपरला नौदलाच्या सामग्रीची भांडारे आहेत. तिथे सुट्या भागांपासून दोरखंडापर्यंत सारे नोंदून ठेवायचे असते. कांजूरमार्गला नौदलाच्या मुलकी नोकरवर्गाची वसाहत आहे. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस तिथून गाडी पकडतो. पश्चिमेच्या बाजूला मालाड-कांदिवलीच्या हद्दीवर लष्कराचा मोठा डेपो आहे. आणि मालाडच्या मार्वे किनाऱ्यावर नौदलाची 'हमला' नावाची संस्था आहे. नाव ऐकून वाटेल, इथे हल्ला करायला शिकवीत असतील. पण वर्षानुवर्षे इथे शिक्षण दिले गेले आहे ते पुरवठ्याचे: भांडार कसे ठेवावे, हिशेब कसे लिहावेत, शेकडो खलाशांचा स्वयंपाक डोलत्या जहाजावर कसा करावा. तिथून थोड्याच अंतरावर मढचा जुना किल्ला आहे, जो मराठ्यांनी १७३९ साली वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतला. किल्ला पाहायला सहली येतात. आचाऱ्यांच्या शाळेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

थोडे घरचे सांगतो. माझे वडील अशाच एका भांडारात कारकून होते. बोल्ट, वायसर, तारेची भेंडोळी यांच्या चोपड्या लिहिण्यात त्यांची हयात गेली. चाळीतली मुले विचारीत, "तुझे बाबा मिलिटरीत ना? मग बंदूक कुठाय?" मी घरी येऊन रडलो. वडील म्हणाले, "बंदूक नाही, पण बंदुकीची कमान माझ्या चोपडीत आहे. ती वेळेला सापडली नाही तर बंदूक म्हणजे काठी." मला तेव्हा ते पटले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

आता नातवाच्या ग्रहाकडे वळू. तिथे तर हवासुद्धा नाही. माणसाला श्वासासाठी दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो. हजार वीरांना रोज ८४० किलो. पृथ्वीवर तो झाडे फुकट देतात, तिथे तो यंत्राने करावा लागणार. यंत्र म्हटले की त्याचा मिस्त्री आला, मिस्त्रीला हत्यारे आली, हत्याराला लोखंड, लोखंडाला खाण. आज पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचेच पाहा. तिथे एरवी सातच माणसे राहतात, आणि त्यांना वर टिकवायला जमिनीवर हजारो माणसे राबतात. शिवाय त्या सातजणांचाही बराच वेळ पंखे, गाळण्या, पाण्याची यंत्रे दुरुस्त करण्यात जातो. यंत्राने शेपटी तुटत नाही. ती लांबते, आणि डोळ्यांआड होते, एवढेच.

सर्वांत कठीण हिशेब शेवटी ठेवला आहे. हे वीर लग्न करीत नाहीत. मग नवे वीर कुठून येणार? कोणाच्या तरी पोटचे मुलगेच येणार. एक वीर विसाव्या वर्षी आला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला, तर पंचवीस वर्षे सेवा. एकही मेला नाही तरी हजारांमागे दरसाल चाळीस नवे लागतील. पण गोष्टीत तर प्रत्येक लढाईत माणसे पडतात. वर्षाला दहांतला एक पडतो असे धरू. मग निवृत्तीपर्यंत पोचणारे थोडेच, आणि नवे लागणार दरसाल एकशे दहाच्या आसपास. पंथ कडक आहे, शंभर मुलांतून एकच निवडतो. म्हणजे दरसाल त्या वयाची अकरा हजार मुले पाहिजेत. हजार वस्तीच्या गावात एका वयाचे मुलगे साधारण नऊ-दहा असतात. गुरुजींनी आपल्या गावाचा पट काढून पाहावा. म्हणजे हजार वीरांमागे वस्ती अकरा लाखांची हवी. २०११ च्या जनगणनेत आमच्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९३ लाख ५७ हजार होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुर्ला सगळे मिळून असल्या आठच पथकांना पुरले असते.

ही भीती कल्पनेतली नाही. ग्रीस देशात स्पार्टा नावाचे राज्य होते. तिथले नागरिक जन्मभर फक्त लढाईच शिकत. शेती करायला हेलट म्हणून दास होते. हिरोडोटस लिहितो की इसवी सनापूर्वी ४७९ मध्ये प्लातेयाच्या लढाईला ५,००० स्पार्टन गेले आणि दर माणसामागे सात हेलट, म्हणजे ३५,००० गेले. मोजणारा नुसता वीर मोजील, पण रणावर एकास सात असे प्रमाण होते. पुढे नागरिकांची संख्या घटतच गेली. इसवी सनापूर्वी ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत ७०० स्पार्टन नागरिक होते, त्यांतले ४०० एका दिवसात पडले. ती जागा भरून काढायला मागे पोरेच नव्हती. हेलटांना बरोबरीचे मानले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मला नेहमी सुटतो तसाच राहतो. पण मानले नाही, आणि तो दबदबा परत आला नाही.

हे सगळे ऐकून नातू दोन दिवस गप्प होता. मला वाटले, मी त्याची गोष्ट मारली. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला. म्हणाला, "आजोबा, माझ्या ग्रहावर दोन लाखच माणसं राहतात असं मी आधी लिहिलंय. मग वीर किती परवडतील?" आम्ही दोघांनी परत मांडले. दोन लाखांत त्या वयाचे मुलगे दरसाल दोन हजार, त्यांतून निवड वीस. आले एकशे ऐंशीच्या आसपास. त्याने हजारावर काट मारली आणि १८० लिहिले. मग जरा थांबून गडाच्या तळाशी एक नवे पात्र घातले: हवेच्या यंत्राची मिस्त्रीण. शंख वाजतो तेव्हा वीर निघून जातात. तिला मात्र जागचे हलता येत नाही, कारण ती हलली तर परत येणाऱ्यांना श्वास घ्यायला हवा उरणार नाही. तिचे नाव काय ठेवावे, यावर सध्या संपादक मंडळात वाद चालू आहे.