हंसाचा वाकडा पंख : दोष खुराकाचा की रक्ताचा?

मुरबाड व शहापूर तालुक्यांतील भातशेतकऱ्याच्या दारी कोंबड्या सर्वत्र दिसतात. हंस मात्र क्वचितच. तथापि ज्याच्या वाडीत ओढ्याकाठचे गवत व थोडे पाणी आहे, त्यास दोन-चार हंस पाळणे जड जात नाही. हा पक्षी मुख्यत्वे गवतावर वाढतो आणि रात्री परका माणूस अंगणात शिरल्यास कुत्र्याइतकाच गलका करतो.

अशा कळपात पिलांना पंखांची लांब पिसे फुटू लागली की एखाद्याचा पंख मनगटाच्या सांध्यापासून बाहेर वळलेला आढळतो. टोकाची पिसे अंगालगत न बसता कोयत्याच्या पात्यासारखी बाजूस निघून राहतात. पिलू खाते, पिते, वजनही धरते. पुष्कळदा कळपातील सर्वांत थोराड नरच असा निघतो आणि मालक नेमका तोच पैदाशीसाठी राखू पाहतो. पाळीव हंस उडत नाहीच, मग पंख वाकडा असला म्हणून बिघडले काय, असा प्रश्न त्यास पडणे स्वाभाविक आहे.

वाढत्या पिसाची नळी रक्ताने भरलेली, म्हणून जड असते. पिले कोंडून ठेवून त्यांस भरपूर सकस खुराक दिला की पिसे झपाट्याने वाढतात. कोवळ्या सांध्यास तो भार पेलवत नाही व तो पिळला जातो. या भागात मांसल कोंबड्यांच्या शेड पुष्कळ आहेत. तेथील पिलांचे उरलेले खाद्य, ज्यात प्रथिने शेकडा २० हून अधिक असतात, हंसाच्या पिलांपुढे आठवडेच्या आठवडे टाकणे म्हणजे या दोषास आमंत्रण होय. नुसती कणी, शिळा भात व पाव यांवर पोसणेही तितकेच अनिष्ट; त्यात जीवनसत्त्वे व खनिजे अपुरी पडतात. उन्हाळ्यात माळ करपलेला असतो, तेव्हा मळ्यातील निंदलेले कोवळे गवत पिलांस घालावे. त्यावर औषधाची फवारणी झालेली नसावी, एवढे मात्र पाहावे.

दोष दिसताच खुराक हलका करून पिलांस चरावयास सोडावे. पंख नैसर्गिक घडीत मिटवून मऊ कापडी पट्टीने त्याचा त्यासच, अंगाभोवती न आवळता, तीन ते पाच दिवस बांधावा व रोज सोडून पाहावा. पिसे वाढत आहेत तोवरच याचा उपयोग होतो. हाड पक्के झाल्यावर पंख सरळ होत नाही.

परंतु पट्टीने सुधारलेला पंख रक्ताविषयी काहीच सांगत नाही. तैवानमध्ये पांढऱ्या रोमन हंसांवर केलेले प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत निकोप पंखांच्या व वाकड्या पंखांच्या पक्ष्यांचे वाण वेगळे राखले असता दुसऱ्या वाणाच्या पिलांत हा दोष अधिक आढळला. म्हणजे खुराक हे कारण खरे, पण वंशाचाही त्यात भाग आहे.

तेव्हा निवाडा करावा तो असा. एकाच घरात, एकाच जड खुराकावर निरनिराळ्या जोड्यांची पिले वाकडी निघाली, तर प्रथम खुराक बदलावा. आईबापांस लगेच दोष देऊ नये. मात्र पिले गवतावर मोकळी वाढूनही एकाच जोडीची पिले पुन्हापुन्हा अशी निघत असतील, तर ती जोडी पैदाशीतून काढावी. दोष असलेला पक्षी, विशेषतः नर, कोणत्याही परिस्थितीत पैदाशीस ठेवू नये. एका नरामागे तीन-चार माद्या असतात. त्याचा दोष साऱ्याच पिलांत उतरण्याचा संभव राहतो. शिवाय हंसाची जोडी एकदा जमली की सहसा मोडत नाही. यास्तव नराची निवड अंड्यांच्या हंगामापूर्वी महिना-दोन महिने झालेली बरी.

असा पक्षी मारून टाकण्याचे कारण नाही. राखणीस तो उपयोगी आहे आणि त्याचे मांसही खाण्यास योग्य असते. फक्त पट्टी बांधलेल्या पिलाच्या पायात रंगीत कडे घालावे, वहीत त्याच्या आईबापांची नोंद करावी, आणि विकताना ते कडे काढू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पिले खरेदी करून देताना कड्याविषयी विचारावे व शक्य तर आईबापांचे पंख स्वतः उघडून पाहावेत.